कॅथरिनसाठी हलकी गिटार

(वसईतलं वटार गाव. प्लासिडच्या घरामागची पडवी, भिंतीला सुतारकामाची हत्यारं. कॅथरिनला जाऊन महिना झाला; चर्चमधल्या तिच्या मिस्सेनंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, तिचा नवरा लुईस आलाय.)

लुईस : आजाराचा रिपोर्ट आला त्या दिवशी ती आधी तुझ्याकडे आली. नवऱ्याला संध्याकाळी कळलं.

प्लासिड : बस तरी, लुईस.

लुईस : बसायला नाही आलो. आत्ता चर्चच्या दारात शेजारच्या बेलाने सांगितलं. म्हणे, प्लासिडकडे जाऊन रडली.

प्लासिड : रडली नाही. बेस गिटार टेबलावर ठेवली. म्हणाली, ही हलकी कर, खांद्याला वजन चालणार नाही. आणि गिटारचं लुईसला इतक्यात सांगू नको, तो वाजवणंच बंद करेल.

लुईस : केलंच असतं. नाहीतर नवी आणली असती.

प्लासिड : आणली होतीस की मागे. छोटी, हलकी.

लुईस : मग?

प्लासिड : हात सोडला की तिचा दांडा जमिनीकडे जायचा. सावरण्यातच जीव जायचा तिचा. वाजवणार कधी?

लुईस : मला तर छान आहे म्हणाली.

प्लासिड : तू हौसेने आणलीस ना.

लुईस : म्हणजे खोटं मला आणि खरं तुला. वा!

प्लासिड : अरे, मी ड्रमवाला. एका बँडमधली माणसं आम्ही.

लुईस : तेच तर. प्रत्येक लग्नात स्टेजवर तिच्या शेजारी तू. मी खाली खुर्चीत, वड्यांचं ताट घेऊन.

प्लासिड : ही घे. जुनीच आहे, मागून कोरून पोकळ केली. उचल.

लुईस : वजनच नाही हिला. इथे खोलगट का?

प्लासिड : ऑपरेशनची जागा. तिथे टेकायला नको.

लुईस : ती जागा तुला काय माहीत?

प्लासिड : कपड्यावरून हात ठेवून दाखवली. इझाबेल इथेच उभी होती. जा, माझ्या बायकोला विचार.

लुईस : विचारणारच. आणि ही मी घरी नेतो.

प्लासिड : ने. पण काम पुरं नाही झालेलं. आजारात तिच्या बोटांत जोर राहिला नव्हता, दांडा पेलेना. तो मुठीच्या मापाने घासायचा होता.

लुईस : मग घ्यायचं माप.

प्लासिड : त्याला हात हातात धरावा लागतो. मला ते बरं वाटेना. म्हटलं, लुईसला घेऊन ये, तो सांगेल. म्हणाली, रविवारी आणते.

लुईस : त्या रविवारी आम्ही हॉस्पिटलात होतो.

प्लासिड : हो.

लुईस : मूठ लहान होती तिची. माझ्या तळहातात पुरी मावायची.

प्लासिड : मग दाखव ना, कुठवर घासू?

लुईस : आज नको. पुन्हा घेऊन येईन ही. दांडा घासायचा राहिलाय, एवढं ध्यानात ठेव.