घोंगडीतलं कोकरू

भिमा : आबा, हलू नगा. होडी हाय ही, बैलगाडी न्हाय. एका अंगाला रेललात की आपण तिघंबी जुन्या येशीत जाऊन पडू.

झुंबर : येस हितं व्हती?

भिमा : येशीवरनंच चाललोय की आत्ता. खाली बघा, चिरे दिसत्यात शेवाळलेले. म्होरं तुमची आळी.

द्वारकाबाई : अगं बाई! ही तर म्हाळसाच्या घरची भिंत. कोनाडा तसाच हाय बघा. ह्या कोनाड्यात ती दिवा ठेवायची. मी रोज तिच्याकडनं इस्तू न्यायची चुलीला.

झुंबर : अठरा वर्सं पाण्यात राहून भिंत उभी?

भिमा : यंदा धरणाचं पाणी लई खाली गेलंय म्हणून दिसतीया. एरवी मी हितं जाळं टाकतो. म्हाळसा आजीच्या चुलीत मरळ घावते चांगली.

द्वारकाबाई : मेल्या, तिच्या चुलीवर कधी भाकरी करपली न्हाय, आन् तू त्यात मासं धरतोस.

झुंबर : माझा हात धर गं.

द्वारकाबाई : धरलाय की. कवाधरनं धरलाय. घाम फुटलाय तुमास्नी.

झुंबर : उनाचा हाय.

द्वारकाबाई : व्हय, उनाचाच.

भिमा : काकी, आबा पाण्याला भित्यात व्हय?

द्वारकाबाई : पाण्याला न्हाय रं बाबा. पोटात गाठ निघालीया त्येंच्या. बारामतीचा डाक्तर म्हणला, पुण्याला न्या, कापून काढा. न्हाय काढली तर दिवाळी बघायचे न्हाईत. आन् कापताना काय व्हईल त्येचीबी खातरी देत न्हाय त्यो. रविराजनं उद्या सकाळची जीप सांगितलीया. पोरगं रजा काढून आलंय कंपनीतनं. आन् ह्ये म्हणत्यात, मी जीपमधी पाय ठेवणार न्हाय.

झुंबर : सांग, गावभर सांग. देवळाच्या शिखरावर चढून सांग.

द्वारकाबाई : गाव पाण्यात हाय. कुणाला सांगू?

भिमा : मग हितं कशापायी आलात म्हणायचं?

झुंबर : हितं माझा बाप गेला. देवळाच्या ओवरीत. हिंदुरावाचं नाव ऐकलं असशील.

भिमा : ऐकलंय म्हंजी? बिरोबाच्या जत्रंत ओवीत गात्यात की! वाघावानी गेला म्हणं हिंदुराव. मरण आलं तर त्येला म्हणला, थांब जरा दारात, चिलीम वढून येतो.

झुंबर : त्योच. तात्यांच्या जागंवर घटकाभर बसावं म्हणतो. त्येंच्यातलं काय उतरलं अंगात तर उतरलं. मग बघू जीपचं.

भिमा : बसा की. मी तवर जाळी बघून येतो. काकी, तुमी का गप झालात?

द्वारकाबाई : काय न्हाय. होडी जपून लाव. पायरी निसरडी असंल.

(होडी देवळाच्या पायऱ्यांना लागते. दोघांना उतरवून भिमा जाळी बघायला जातो. झुंबर आणि द्वारकाबाई ओवरीत येतात.)

झुंबर : आगं… आगं, हे बघ. चिरा हललेला न्हाय एक.

द्वारकाबाई : हळू. गाळ हाय खाली.

झुंबर : खांबावरचा हत्ती बघ. सोंड तुटकी, तशीच. पोर असताना मी बसायचो ह्येच्यावर, पुजारी काठी घिऊन लागायचा मागं. आता शंख चिकटल्यात ह्येच्या पाठीला. इवलं इवलं शंख. ह्येंच्या किती पिढ्या झाल्या असतील गं हितं?

द्वारकाबाई : आपण वर नव्या गावठाणात नांदलो, ही हितं नांदली.

झुंबर : आत ये. गाभाऱ्यात बघ. गार हाय. भाईर उन्हानं दगड तापलाय आन् आत थंडगार. देव तर वर नेला आपण, वाजत गाजत नेला. तरी जागा रिकामी वाटत न्हाय. का गं?

द्वारकाबाई : मला काय कळतंय त्यातलं. माझ्याबी अंगावर काटा आलाय. मोठ्यानं बोलू नका, पारवं उडतील.

झुंबर : तात्यांना कुठं निजवलं व्हतं?

द्वारकाबाई : ह्या खांबापाशी. डोकं भिंतीकडं. पाणी शेतात शिरलं म्हणून तुमच्या भावांनी घराचं छप्पर उतरवलं, वासं-पत्रं गाडीत घालून वर न्यालं. पावसात उघड्यावर कसं निजवायचं, म्हणून मामंजींना हितं आणलं.

झुंबर : आन् मी मेंढरं घिऊन माळाला.

द्वारकाबाई : तुमी माळाला, भाऊ गाड्यांवर, सासूबाई वर चूल मांडायला. मामंजींपाशी मी एकटी.

झुंबर : हितं, न्हाय का? बसतो मी.

द्वारकाबाई : बसा. घोंगडी टाकती खाली, थांबा. हां, बसा आता.

झुंबर : एवढा वेळ बसलो, काय व्हत न्हाय गं.

द्वारकाबाई : काय व्हायला पायजे?

झुंबर : धीर यायला पायजे. उलट भ्याच वाढलं. वाघाच्या पोटी मेंढरू निपजलं, दुसरं काय.

द्वारकाबाई : असं बोलू नये.

झुंबर : खरं तेच बोलतोय. बिछान्याला पाठ लावायचं भ्या वाटतं मला. आडवं झालं की वाटतं, डोळा मिटला आन् उघडलाच न्हाय तर? मग म्होरं काय? म्होरं कायच न्हाय. नुसता अंधार. हे देऊळ तरी पाणी आटलं की वर येतं. मी थोडाच येणार हाय!

द्वारकाबाई : म्हाईत हाय मला. बघती की मी.

झुंबर : तू कधी बघितलंस? तू तर घोरत पडलेली असतीस.

द्वारकाबाई : तुमी बसून असता आन् मी डोळं झाकून पडती. सोंग दोघंबी करतोय.

झुंबर : मग सांग की. तात्यांनी कसं केलं? तू व्हतीस हितं. इतक्या वर्सांत मी तुला इचारलं न्हाय.

द्वारकाबाई : आन् मी सांगितलं न्हाय.

झुंबर : चिलीम खरंच वढली?

द्वारकाबाई : चिलीम कोण भरून देणार? मी सून. मामंजींच्या म्होरं माझा पदर कधी कपाळाच्या वर सरकला न्हाय. पाणी पायजे असलं तरी ते भिंतीला सांगायचे, ‘पाणी मिळंल का?’ मी भिंतीकडं बघून तांब्या ठेवायची. बारा-पंधरा वर्सं एका घरात नांदले, पर माझं तोंड त्येंनी नीट बघितलं नसंल.

झुंबर : रीतच व्हती तशी.

द्वारकाबाई : त्या दुपारी त्येंनी माझा हात धरला.

झुंबर : कुणी?

द्वारकाबाई : मामंजींनी. ह्यो हात. असा घट्ट, की बांगडी फुटून रुतली. म्हणले, ‘पोरी, मला भ्या वाटतंय.’

झुंबर : न्हाय.

द्वारकाबाई : म्हणले, ‘मला सोडून जाऊ नगं.’ रडत व्हते वो. लहान पोरावानी रडत व्हते. मी खाली बसले, तर माझ्या मांडीवर डोकं ठिवलं.

झुंबर : खोटं बोलतीस. मला जीपमधी घालायला खोटं बोलतीस तू.

द्वारकाबाई : हितं? देवाच्या उंबऱ्यावर खोटं बोलीन?

झुंबर : देव वर नेलाय.

द्वारकाबाई : उंबरा हितंच हाय.

झुंबर : …मग त्यो वाघ कुठला? ती ओवी?

द्वारकाबाई : ती गड्यांनी रचली. समदी सांजच्याला खाली आली, मामंजींचं तोंड बघितलं, शांत दिसलं. म्हणली, वाघावानी गेला म्हातारा. चिलीम बिलीम मागनं जोडली कुणीतरी. मी काय सांगायचं व्हतं? सासऱ्यानं सुनंच्या मांडीवर जीव सोडला म्हणून? सासूबाईंनी मला उभी जाळली असती. म्हणून कुणालाच सांगितलं न्हाय. तुमालाबी न्हाय.

झुंबर : पर तोंड शांत व्हतं गं. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. एवढा रडणारा माणूस शांत कशानं झाला?

द्वारकाबाई : कोकरानं.

झुंबर : कंच्या कोकरानं?

द्वारकाबाई : आठवा की. मेंढ्या तुमी चरायला न्यायचा आन् बारकी कोकरं माझ्यापाशी डालग्यात असायची, आया परत येस्तवर. त्या दिवशीबी हितंच व्हती, ह्या कोपऱ्यात. त्यातलं एक लई बारकं, पावसानं कुडकुडत व्हतं. सारखं वरडत व्हतं. हिकडं मामंजी रडत्यात, तिकडं कोकरू वरडतंय. मला काय सुचंना. एका हातानं उचललं आन् मामंजींच्या घोंगडीत सारलं. का सारलं, देव जाणे.

झुंबर : मग?

द्वारकाबाई : मग काय, जित्याची खोड! माझा हात सोडला आन् कोकराला छातीशी घेतलं. जन्मभर तेच केलेलं त्येंनी, किती कोकरं उबवली असतील त्या घोंगडीत. त्याची पाठ चोळाय लागले. आन् त्येच्याशी बोलाय लागले. मगाशी माझ्यापाशी रडणारा माणूस, अगदी सावकाश, समजुतीनं सांगतोय त्येला. ‘भिऊ नगं लेकरा. आय चरायला गेलीया. दिस कलला की येतीया. तवर गप पड.’

झुंबर : असंच म्हणायचे. असंच म्हणायचे ते.

द्वारकाबाई : परत परत तेच. ‘दिस कलला की आय येतीया.’ कोकरू गप झालं. मामंजींचा आवाजबी खाली खाली गेला. ते कोकराला सांगत्यात का सवतालाच, मला कळंना. पाऊस उघडला. ऊन आलं, ह्या पायरीपातूर आलं. समदं गाव मोकळं, कुणाचा आवाज न्हाय, आन् ह्या दगडात तेवढंच बोलणं घुमतंय. मग तेबी थांबलं. मला वाटलं, दोघं निजली. मी हलले न्हाय. मांडीला मुंग्या आल्या तरी हलले न्हाय.

झुंबर : आन् मी आलो.

द्वारकाबाई : दिस कलला तवा तुमी मेंढरं घिऊन आलात.

झुंबर : तू तवा खांबापाशी उभी व्हतीस, पदर घिऊन.

द्वारकाबाई : घंटी ऐकली तशी मामंजींचं डोकं खाली उशाला ठिवलं आन् उठले. रीत व्हती ना.

झुंबर : म्होरक्या एडक्याची घंटी वाजली आन् घोंगडी हलली. मला वाटलं, तात्या उठत्यात. तर आतनं कोकरू निघालं धडपडत. माझ्या पायातनं पळालं ते थेट आयकडं. कपाळावर चांद असलेली मेंढी, तिला लुचाय लागलं. शेपटी कशी हलवत व्हतं! मी हसलो बघ. हसत हसत हाळी दिली, ‘तात्या, आलो वो!’

द्वारकाबाई : व्हय. दिली तुमी हाळी.

झुंबर : घोंगडी ऊन व्हती अजून.

द्वारकाबाई : कोकराची ऊब व्हती ती.

झुंबर : आय आली व्हती गं. दिस कलला आन् आय आली.

द्वारकाबाई : आली की. तुमीच आणली. रडा. हितं कोण न्हाय बघायला. हत्ती हाय, त्येला सोंडबी न्हाय.

झुंबर : माझा बाप भ्याला व्हता.

द्वारकाबाई : लई भ्याला व्हता.

झुंबर : मी त्या ओवीतल्या वाघाला भीत व्हतो गं. मरणापरीस जास्ती. वाटायचं, वर गेल्यावर तात्या इचारतील, रडलास व्हय रं भित्र्या? आन् त्यो माणूस हितंच… ह्याच दगडावर… बापाचं रडणं ऐकून पोराला बरं वाटतंय. काय म्हणावं असल्या पोराला?

द्वारकाबाई : माणूस म्हणावं.

झुंबर : अजून भ्या वाटतंय मला. गेलं न्हाय ते.

द्वारकाबाई : कशाला जाईल? मामंजींचं कुठं गेलं व्हतं! कोकराच्या नादानं तेवढं बाजूला बसलं.

झुंबर : तुला वाटतं का गं?

द्वारकाबाई : मला?

झुंबर : तुला.

द्वारकाबाई : आज पयल्यांदा इचारलंत. वाटतं की. तुमच्यापरीस जास्ती वाटतं. तुमी गेलात तर सुटाल. मी रातच्याला डोळं झाकून कुणाफुडं सोंग करू?

भिमा : ओ आबा! झालं का बसून? दिस कलाय लागला, वारं सुटंल आता. चला!

झुंबर : कलू दे रं. आलो.

भिमा : काकी, हात द्या. सावकाश. आबा, काय म्हणतंय काम? आला का वाघ अंगात?

झुंबर : वाघ न्हाय घावला बाबा हितं. कधी नव्हताच म्हणं.

भिमा : आँ? मग जीपचं कसं करायचं?

झुंबर : जीप सकाळी येऊ दे. मी बसतो. द्वारके, ती घोंगडी झाड, गाळ लागलाय. उद्या बरोबर घ्यायचीया.

द्वारकाबाई : अवो, दवाखान्यात चादर देत्यात. आन् आत कापायला न्यायच्या वक्ताला घोंगडी कोण नेऊ दील तुमाला?

झुंबर : मला न्हाय गं. तुला. मी आत असंन, तू भाईर एकटी बसशील दिस कलस्तवर.