जुन्या ताण्याच्या गाठी

बेळगावच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर वडगावचे एक म्हातारे विणकर आणि त्यांची लेक बोलत होती.

“डॉक्टरबाई काय म्हणाल्या गं, मंजुश्री? माझं ध्यानच नव्हतं.”

“पोटाच्या कॅन्सरचा अभ्यास करतायत, आप्पा. पेशीत मायक्रोआरएनए म्हणून लई बारीक काहीतरी असतंय. कुठल्या जनुकानं किती काम करायचं, ते त्ये आवरतंय. कुणाकुणात त्याच्या लिखाणातलं एखादं अक्षर जन्मापासनंच बदललेलं असतंय.”

“त्यानं कॅन्सर होतोय?”

“त्यानंच होतोय असं न्हाय. काही जणांना धोका जरा वाढतोय. म्हणून तुमचं रक्त घेतलं.”

“मग आईकडनंच आलं मला. तीबी पोटाच्या कॅन्सरनंच गेली.”

“आलं असंल, नसंलबी. आपल्याला रिपोर्ट देणार न्हायत.”

“तुझंबी रक्त मागितलं?”

“व्हय.”

“मंजू, एक ऐक. मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपत आलाय. दरवेळी नवा ताणा जुन्याच्याच टोकांना गाठी मारून जोडतोय आपण. आईनं तसंच केलं, मीबी. ह्या खेपेला जुना तोडून काढ. त्याला नवा जोडू नको.”

“मग एकेक धागा फणीतनं नव्यानं ओवायला लागंल.”

“लागू दे.”

“आप्पा, तुम्ही ॲडमिट होता तवाच मी जोडला. साडीबी सुरू केली.”

“एकटीनं? गाठी मारायला कुणी शिकवलं तुला?”

“आज्जीनं.”