माझं गाव लॅनिगन

लिहा ताई, तुमच्या दिवाळी अंकात पहिले हेच लिहा की माझं गाव लॅनिगन. जन्म काटोलचा, नागपूरजवळच्या, ते मी लपवून नाही राहिली, वडील एसटीत ड्रायव्हर होते, काटोल डेपोला, घरी खाकी कपडे दोरीवर वाळत असायचे अन् आई म्हणायची, पोरींनो त्या शर्टाले हात लावू नका, इस्त्री मोडते. पण काटोल मी बाविसाव्या वर्षी सोडलं. त्याले आता बेचाळीस वर्षं झाली. बेचाळीस वर्षं जिथं चूल पेटवली ते गाव नाही तर काय गाव आहे बाप्पा?

आमचे हे वेल्डर होते. कॅनडात सस्कॅचवन म्हणून राज्य आहे, तिथं जमिनीखालून खत काढतात, पोटॅश, त्या खाणीत यांचं काम. मी लग्न करून गेली तर विमानतळावरून गाडीत बसली अन् दोन तास नुसती सपाट जमीन. झाड नाही, टेकडी नाही. मी म्हटलं अहो गाव कधी येते, तर हे म्हणाले, येऊन गेलं, मी वळण चुकलो. इतकं लहान गाव. बायकांनी मले पहिल्या हिवाळ्यात बर्फातले बूट दिले, तिघींनी तीन जोड, तिन्ही मोठे. डॉरिस त्यातली एक. आजही माझ्या बाजूच्या घरात राहते, माझी चावी तिच्याकडेच आहे.

आमचा पोरगा मिलिंद शाळेत जायले लागला तेव्हा तिथं स्कूल बसले ड्रायव्हर नव्हता. मी म्हटलं मी चालवते. हे हसले. काहून हसता, म्हटलं, माझ्या बापानं आयुष्यभर एसटी चालवली. लायसन काढलं, दुसऱ्या खेपेले पास झाली, अन् सव्वीस वर्षं ती पिवळी बस चालवली. आता तुम्हाले त्या वायरीचं सांगते, कारण भांडण तिच्यावरूनच आहे. तिथं उणे चाळीस होते. इंजिनाचं तेल गोठून घट्ट होते. म्हणून प्रत्येक गाडीच्या इंजिनाले एक हीटर असतो अन् त्याची वायर पुढून बोनेटखालून बाहेर लोंबत असते, रात्री ती भिंतीतल्या प्लगले लावायची, सकाळी काढायची अन् मग चावी फिरवायची. नाही लावली तर गाडी सुरूच होत नाही, बसा घरी. लॅनिगनमध्ये कोणतीही गाडी पाहा, पुढून वायर लोंबतेच. माझ्याही गाडीची लोंबते. म्हणजे लोंबत होती.

अन् अजून एक सांगते, मग पुढं जाते. तिथं शेतावरची पोरं लांबून बसनं येतात, तर शाळा सुरू झाली की प्रत्येक पोराच्या नावानं गावातलं एक घर लिहून ठेवतात. वादळ आलं, बस जाऊ शकली नाही, तर ते पोर त्या घरी झोपणार. माझ्या घराच्या नावावर तीन पोरं होती. एकदा दुपारी असं बर्फाचं वादळ सुटलं की मले बोनेट दिसेना, बसमध्ये अकरा पोरं. मी पुढं गेलीच नाही, एका शेतकऱ्याच्या अंगणात बस घातली अन् पोरं त्याच्या स्वयंपाकघरात नेली, रात्रभर तिथंच राहिलो, त्याच्या घरचं पीठ घेऊन मी पोळ्या लाटल्या, पोरांनी जॅम लावून खाल्ल्या. सकाळी आईबाप न्यायले आले, एक जण नुसता माझा हात धरून उभा राहिला. त्या दिवसापासून मले कोणी विचारलं नाही की तू कुठची. त्या अकरा पोरांत मिलिंदही होता, घरी कोणी नसे म्हणून माझ्यासोबतच फेरीले यायचा. पहिल्या सीटवर.

हे चार वर्षांपूर्वी गेले. यांची इच्छा होती म्हणून रक्षा तिथंच पुरली, वर लहानसा दगड आहे, नाव मराठीत कोरून घेतलं मी, कोरणारा माणूस कागद उलटा धरून बसला होता.

आता इकडचं. मिलिंद इथं अमेरिकेत, रेडमंडले मोठ्या कंपनीत आहे, आता अमेरिकन सिटिझन झाला. सून स्नेहल पुण्याची, चांगली आहे, नाव नाही ठेवत. नात ईरा, सहा वर्षांची. तिच्यासाठी मी मे महिन्यात आली. गाडी चालवत आली, एकटी, तीन दिवस, मधात अख्खे रॉकी पर्वत. बॉर्डरवरच्या पोऱ्यानं विचारलं, होम कुठं? मी म्हटलं लॅनिगन. त्यानं टाइप केलं अन् म्हणाला जा मॅडम. एवढंच. परक्या देशाच्या माणसाले पटलं, ताई. आपल्या माणसांले नाही पटत.

गौरीचं हळदीकुंकू होतं, बाजूच्या बेलव्ह्यूले एका शाळेच्या हॉलमध्ये, महाराष्ट्र मंडळाचं. भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा, पोरांनी रंगवलेला, अन् प्रत्येकानं आपल्या गावावर टिकली लावायची. कल्पना छान होती, मी नाही म्हणत नाही. पुण्यावर तर टिकल्यांचा ढीग झाला होता. माझी पाळी आली, मी नकाशाच्या वर, पार वर, मोकळ्या भिंतीवर टिकली लावली. तिथं केतकी म्हणून व्हॉलंटिअर पोरगी होती, ती म्हणाली, मावशी, गाव म्हणजे मूळ गाव हो. मी म्हटलं हेच माझं गाव, लॅनिगन, कॅनडा. ती म्हणाली, अय्या, म्हणजे टोरांटो का? नाही गं बाई, टोरांटो तिथून तीन दिवस लांब. ती हसली अन् म्हणाली, मावशी, मग डेकोरेशन बिघडते ना. अन् माझी टिकली नखानं काढली अन् नागपूरवर चिकटवली. काटोलवर पण नाही! नागपूरवर. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी म्हटलं, पोरी, दुसऱ्याची टिकली अशी उचलत नसतात. स्नेहलनं माझं कोपर दाबलं, आई, चला, प्रसाद घेऊ.

अन् तेवढ्यात तिथल्या एक काकू म्हणतात, अहो मिलिंदची पण नागपूरवरच आहे की, दर वर्षी तिथंच लावतो.

ताई, मिलिंद जन्मला सस्कॅचवनमध्ये. नागपूर त्यानं चारदा पाहिलं असेल, त्यात एकदा गोवर झाला होता. घरी आल्यावर मी विचारलं, काहून रे? तर म्हणतो, अगं आई, लॅनिगन कोणाला माहीत आहे, एक्सप्लेन कोण करत बसणार, नागपूर म्हटलं की विषय संपतो. विषय संपतो! ज्या गावानं तुझ्या बापाले खांदा दिला त्याचा विषय संपतो? ओरडली मी. ईरा रडायले लागली, आजी, स्टॉप शाउटिंग, म्हणे. मग मी तिले उचलून घेतलं. माझं ते चुकलं, लेकरासमोर नको होतं.

पण खरं पुढंच आहे. मिलिंदले वाटते मी आता इथंच कायम राहावं, ग्रीन कार्ड घ्यावं. फॉर्म आणून ठेवला. लॅनिगनचं घर काढून टाकू म्हणतो, तू एकटी, बर्फ कोण काढणार. मी म्हटलं, विचार करते. खरंच करत होती, खोटं नाही बोलत. ईरा रात्री माझ्या कुशीत झोपते, सोपं आहे का ते. परत गेली तर पोरगी किती दिसेल, फोनवर दिसेल. हे मलेही कळते.

मग एका शनिवारी तो माझी गाडी घेऊन गेला, ऑइल चेंज करून आणतो म्हणे. परत आला, मी अंगणात गेली, तर पुढं वायर नाही. म्हटलं वायर कुठं आहे? तर हसत म्हणतो, सरप्राइज, काढून टाकायला सांगितली मेकॅनिकला. इथं काय उपयोग, लोक विचारतात आई, गाडी इलेक्ट्रिक आहे का, चार्जिंगची वायर का लोंबते. किती ऑकवर्ड वाटतं.

आदळआपट करणारी बाई आहे मी, तुम्ही पाहून राहिल्या, पण तेव्हा नुसती वाकून बोनेटखाली हात फिरवत राहिली. त्यानं माझ्या गाडीची वायर नाही काढली हो, मी परत जायची नाही हे त्यानं परस्पर ठरवलं. मी विचार करत होती अन् यानं निकाल लावला. केतकी परकी पोरगी, तिनं टिकली उचलली. अन् हा माझा पोटचा.

मी रात्री फॉर्म घेतला अन् त्यावर काही न लिहिता त्याच्या लॅपटॉपखाली सरकवून दिला. सकाळी डॉरिसले फोन केला, तिनं आधी मिलिंदले शिव्या घातल्या अन् मग म्हणाली, वायरी आपल्या दुकानात दाराशीच टांगलेल्या असतात, तोवर तुझी गाडी माझ्या गराजमध्ये लाव.

परवा निघते मी. ऑक्टोबर आहे, घाटात बर्फ पडायच्या आत पलीकडे जायचं. मिलिंद दोन दिवस बोलला नाही, काल टायरची हवा तपासून आणली, न सांगता. पोरगा वाईट नाही, ताई. ईराले मी म्हटलं, उन्हाळ्यात ये, तुले बस दाखवते. ती म्हणाली, आजी, इज इट फार? हो गं राणी, फार आहे, पण रस्ता सरळ आहे.

सुखी राहो माझा लेक, सून, माझी नात, भरलं राहो त्यांचं घर. पण वायर त्यानं मले विचारून काढायले पाहिजे होती.