अम्मानं बुजवलेली भिंत

आमचे लोक कधीकाळी कुठल्या फौजेबरोबर इकडं कानडी मुलखात आले म्हणतात, मला काय ठाऊक, मी येलहंक्यातच जन्मले, लग्न करून दिली तीही येलहंक्यातच, आणि पीण्या वसाहतीतल्या एका कारखान्यात एकवीस वर्षं नटबोल्ट तपासले. नवरा गेला. दोन मुलं, मोठा किरण, धाकटा महेश. दोघांच्या बायकांचं एका सैपाकघरात जमेना, तर काय सांगू तुमाला, कधी नव्हे ते दोघं भाऊ गोडगोड बोलले आणि हॉलच्या मधोमध जिप्सम बोर्डाची भिंत घालायचं ठरवलं. मला विचारलं? नाही विचारलं.

कामगार आला, बोर्ड ठोकले, देवनहळ्ळीला मोठं काम मिळालं म्हणून गेला तो गेलाच. बोर्डांमधले सांधे तसेच उघडे. किरण म्हणायचा महेश बघेल, महेश म्हणायचा अण्णा बघेल. आणि त्या फटींतून सगळं ऐकू यायचं हो, इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. एका दुपारी मी भिंतीशी मेथी निवडत बसले होते, पलीकडं दोघं बोलत होते. अम्मा पंधरा दिवस तुझ्याकडं, पंधरा दिवस माझ्याकडं. महेश म्हणाला सरी अण्णा, चालेल, पण ती आजारी पडली तर ते दिवस तुझ्यात धर. धर म्हणे! किळस आली मला, पोटच्या पोरांची किळस.

तशीच उठले, हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला अक्का, सांध्यात लांबी, म्हणजे ही पुट्टी, भरा, ओली असतानाच त्यावर ही कागदाची पट्टी दाबून बसवा, वाळली की वरून रुंद हात मारा. पहिल्या पट्टीखाली फुगे आले, ओढून काढली, परत लावली. लांबी ओढायच्या पत्र्यानं मधून खाली दाबत गेले तेव्हा बसली. दुसरा हात, तिसरा हात, मग पॉलिश पेपर. पांढरी धूळ नाकात, केसांत, आमटीत, शी! किरण आला, अम्मा हे काय, लोक काय म्हणतील. मी म्हटलं स्टूल धर. त्याला फोन आला, तो गेला. मग महेशच्या बाजूलाही मीच गेले, सुनेनं पाय तेवढे वर घेतले, टीव्ही चालूच.

आता हात फिरवा, सांधा सापडणार नाही. पाहुणे आले की किरण सांगतो, आमच्या अम्मानं केलं. ऐकून अंगावर पाल पडल्यासारखं होतं बघा.

पहिली तारीख आली, महेश माझी पिशवी न्यायला आला. मी म्हटलं ठेव ती, मी कुणाच्याच पंधरवड्यात नाही, पुढच्या खोलीत शेगडी मांडते, माझं मी शिजवते. नको अम्मा म्हणेल, असं वाटलं होतं मला. खरं सांगते, वाटलं होतं. तो म्हणाला बरं, आणि त्याचं तोंड कसं हलकं झालं ते मी बघितलं.

असू दे. सुखी राहोत दोघं, पोरंबाळं धडधाकट राहोत त्यांची. मला आता त्यांचं काही ऐकू येत नाही.