दिव्याखालची रांग

टिटवी: मी ती पाटी फाडणार आहे.

मावशी: आधी शिडी धर. मी दोन मजले वर लटकलेय आणि तू पाट्या फाडायला निघालीस.

टिटवी: धरलीय, दोन्ही हातांनी धरलीय. तोंड तर मोकळं आहे ना माझं? तू वाचलीस का ती? तिकीट खिडकीच्या काचेवर, ठळक अक्षरांत. 'ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठीची अक्षरसेवा आजपासून बंद. सदर प्रेक्षकांना फोन हाताळता येत नसल्याने सेवेचा उपयोग होत नाही.' सदर प्रेक्षक म्हणजे कोण, मावशी? माझी आई. तुझी सख्खी बहीण. जी फोनवर बुद्धिबळ खेळून कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांना रडवते, तिला म्हणे फोन हाताळता येत नाही.

मावशी: वाचली मी. म्हणून तर बोलावलंय मला. सेवा बंद, तर वायफायचा डबा उतरवून न्या म्हणाले इथले व्यवस्थापक.

टिटवी: आणि तू निमूटपणे उतरवतेयस.

मावशी: अकरा नंबरचा पाना दे. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे.

टिटवी: देते, पण ऐक. आमच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला तू नव्हतीस. आई इथेच बसली होती, पहिल्या रांगेत, चार नंबरला. खुर्च्यांना निळ्या फिती बांधल्यात ना, ती त्यांची खास रांग. आम्ही स्टेजवर बोलणार आणि तिच्या फोनवर अक्षरं उमटणार. या जाड भिंतींच्या आत मोबाइलचं नेटवर्क येत नाही, म्हणजे सगळी भिस्त तुझ्या डब्यावर. नवा चष्मा करून घेतला होता तिने, अक्षरं बारीक असली तर म्हणून. आणि दोन तास फोनवर नुसतं चाक फिरत होतं. लोक हसले की ती हसायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या की ती वाजवायची. मला स्टेजवरून दिसत होतं सगळं. बाहेर आल्यावर म्हणाली, छान झालं.

मावशी: ताईचं तसंच असतं.

टिटवी: तसंच नसतं. तीन दिवसांनी भांडी पुसताना हळूच विचारते काय, की शेवटी ती मुलगी घर सोडून जाते, ती परत येते का गं?

मावशी: मग? सांगितलंस?

टिटवी: नाही. ताट ठेवलं आणि उठून गेले. तिच्यावर नव्हते चिडले, पण मी कोणावर चिडलेय ते तिला कसं कळणार? शेवटचं अख्खं भाषण मी दाराकडे तोंड करून म्हणते, मावशी. तिला ओठसुद्धा दिसत नाहीत. आणि आज सहा वाजता दुसरा प्रयोग आहे. दुसरा आणि शेवटचा.

मावशी: पाना, टिटवे.

टिटवी: बाहेरच्या कप्प्यात नाहीये. आत बघते. हे काय आहे? पांढरं, चपटं, वहीएवढं. दोन आहेत. वर चिकटपट्टी लावलीय, 'नाट्यगृह, पुढची बाजू'. अक्षर तुझं आहे.

मावशी: ते आत ठेव.

टिटवी: नाट्यगृह म्हणजे हेच ना?

मावशी: ठेव म्हटलं ना.

टिटवी: तू खाली ये.

मावशी: आले बाई, आले. शिडी हलवू नकोस. हं. हे अँटेना आहेत. वरच्या डब्याला स्वतःचा अँटेना नसतो, तो बाहेरून जोडावा लागतो. आणि कुठला जोडायचा ते छत बघून ठरवायचं असतं. मी यादीत हे चपटे लिहिले होते, दुकानातून आणलेही होते. पण व्यवस्थापकांनी दुकानाचं छापील पुस्तक चाळलं आणि म्हणाले, त्या काळ्या काठ्यांचा ताकदीचा आकडा याच्या दुप्पट आहे, त्याच घेऊ. आता वर लोंबताहेत त्या.

टिटवी: आकडा मोठा म्हणजे चांगलंच ना?

मावशी: सगळ्यांना तसंच वाटतं. हे बघ, सायकलची ट्यूब घे. फुगवलेली, आडवी धरलेली, आणि तिच्या मधोमध एक उभी काठी. काठी म्हणजे अँटेना आणि ट्यूब म्हणजे त्याची लहर. चारी बाजूंना पसरते. पण काठीच्या बरोबर खाली काय असतं?

टिटवी: भोक.

मावशी: आता त्या ट्यूबवर कोणीतरी बसलं.

टिटवी: व्यवस्थापक बसले समजूया. चपटी होईल आणि लांब पसरेल.

मावशी: मोठा आकडा म्हणजे तेच. जोर वाढत नाही, ट्यूब चपटी होते. छत बसकं असेल तर झकास. इथे छत दोन मजले उंच. लहर निघते ती सरळ मागच्या भिंतीकडे, आणि पुढच्या रांगांच्या...

टिटवी: डोक्यावरून.

मावशी: हो. डोक्यावरून.

टिटवी: म्हणजे वर्गात बाई म्हणतात ना, तुमच्या डोक्यावरून गेलं सगळं, तसं आईच्या खरोखर डोक्यावरून गेलं. आणि यांनी काचेवर लिहून टाकलं की डोकंच नाही. ती खास रांग बरोबर डब्याखाली कोणी मांडली?

मावशी: त्यांनीच. चांगल्या मनाने मांडली गं. जितकं जवळ बसवू तितकं जास्त मिळेल असं वाटलं त्यांना. दिव्याखाली अंधार असतो, हे त्यांना...

टिटवी: त्यांना माहीत नव्हतं. तुला होतं.

मावशी: हो.

टिटवी: कधीपासून?

मावशी: काठ्या इथल्या इलेक्ट्रिशियनने लावल्या. दुसऱ्या दिवशी मी तपासायला आले, मान वर केली आणि कळलं.

टिटवी: मग काय केलंस?

मावशी: सही केली.

टिटवी: मावशी.

मावशी: हॉल रिकामा होता, चालत होतं. भिंतींवर आपटून थोडंफार खाली येतंच. हॉल भरला, सगळ्यांचे फोन जागे झाले, की ते थोडंफारही बुडतं. व्यवस्थापक म्हणाले, बाई, चालतंय ना? मी म्हटलं, चालतंय. वीस वर्षं शिड्या चढतेय मी. मी काहीही सांगितलं की समोरचा दुसऱ्या कोणाला तरी विचारून खात्री करून घेतो. त्या दिवशी भांडायचा कंटाळा आला होता.

टिटवी: कंटाळा. तुला कंटाळा आला म्हणून माझी आई दोन तास चाकाकडे बघत बसली. लोक म्हणतात, माय मरो आणि मावशी उरो. इथे मावशी दिव्यापाशी आणि माय अंधारात. आणि मला तूच शिकवलंस ना, टिटवे, लोक गप्प बस म्हणाले तर दुप्पट बोल? वक्तृत्वाच्या स्पर्धेत मी पडद्यामागे लपले होते तेव्हा तूच पाठीत धपाटा घातला होतास. तो धपाटा स्वतःला नाही घालता आला?

मावशी: आपल्याच पाठीवर हात पोहोचत नाही, बाळा.

टिटवी: हसवू नकोस मला. मी चिडलेय.

मावशी: दिसतंय. महिनाभर बॅगेत घेऊन फिरतेय हे. दुकानात परत करायला जीव होत नाही, लावायला यावं तर तोंड होत नाही.

टिटवी: आता आलीयस ना? लाव.

मावशी: त्यांना न सांगता नाही लावणार. त्यांचा हॉल आहे. आणि ते म्हणतील, मी तपासलं तेव्हा चालत होतं.

टिटवी: म्हणू देत. तू इथून हलू नकोस.

(टिटवी जी सुटली ती दहा मिनिटांत मेकअपच्या खोलीतल्या एकोणतीस जणींना घेऊन परतली. कोणाची एकच भुवई रंगवलेली, कोणाच्या डोक्यात अजून पिना. सगळ्या मागच्या रांगांत फोन उघडून बसल्या. शेवटी, चष्मा कपाळावर चढवलेले व्यवस्थापक आले. त्यांना तिने 'एकच मिनिट' म्हणून आणलं होतं.)

व्यवस्थापक: बाई, डबा अजून वरच? मी सकाळी स्पष्ट सूचना दिली होती. आणि या मुली इथे कशाला?

टिटवी: सर, तुम्ही फक्त इथे बसा. चार नंबर, निळी फीत. आणि फोनवर अक्षरसेवा उघडा.

व्यवस्थापक: मुली, सहाच्या आत मला सतरा कामं आहेत.

टिटवी: हे अठरावं. बसा ना, सर.

व्यवस्थापक: हे मी केलेलं आहे. सेवा सुरू करण्यापूर्वी मी स्वतः, याच खुर्चीत बसून, सदर यंत्रणेची तपासणी केली. उत्तम चालत होती. त्यावरूनच निष्कर्ष काढला की दोष वापरणाऱ्यांकडे आहे.

टिटवी: तेव्हा हॉलमध्ये कोण कोण होतं?

व्यवस्थापक: मी होतो.

टिटवी: आणि?

व्यवस्थापक: आणि... मीच होतो.

टिटवी: आज मागे एकोणतीस जणी आहेत. सगळ्यांनी व्हिडिओ लावलेत. कोणाचा अडकतोय का गं? बघा, एकीचाही नाही. आता तुमचं उघडा.

व्यवस्थापक: उघडतंय. उघडेल. चाक फिरतंय.

टिटवी: फिरू दे. माझी आई दोन तास थांबली होती.

व्यवस्थापक: बंद करून पुन्हा चालू करतो. असं होतं कधी कधी. आता बघा... नाही. पुन्हा चाकच.

टिटवी: सर, तुम्हाला फोन हाताळता येत नाही का?

मावशी: टिटवे, पुरे.

टिटवी: मी कुठे म्हणतेय? बाहेर काचेवर लिहिलंय.

मावशी: ती लहान आहे, सर, पण तिचं चुकलेलं नाही. आता माझं ऐका. या छताला त्या काठ्या चुकीच्या आहेत. लहर तुमच्या डोक्यावरून मागे जातेय, म्हणून मागच्यांचं चालतंय आणि तुमचं अडलंय. काठ्या तुम्ही निवडल्यात, पण मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं आणि तरी सही केली. ती सही माझी चूक आहे.

व्यवस्थापक: पण दुकानदार म्हणाला होता, याच्या वर काही नाही.

मावशी: खरं बोलला. याच्या खालीसुद्धा काही नाही. तीच तर अडचण आहे.

व्यवस्थापक: मग तुमच्या यादीतले ते चपटे लावले की मागचे लोक ओरडतील.

मावशी: नाही ओरडणार. हे चपटे बॅटरीच्या झोतासारखे असतात, ज्या बाजूला तोंड कराल तिकडेच पडतात. हे सरळ खाली तोंड करून लावायचे. मागे बाल्कनीखाली दुसरा डबा आहे. तिथे छत हाताला लागतं, तिथे काठ्याच बऱ्या. त्यांना हात लावणार नाही मी.

व्यवस्थापक: तरी एकदा कोणातरी जाणकाराला फोन करून...

मावशी: जाणकार तुमच्यासमोर उभी आहे. मी सांगतेय तेवढं पुरे आहे, सर. अर्धा तास लागेल.

व्यवस्थापक: बरं. बरं, करा. ती पाटी मी काढून घेतो.

टिटवी: काढू नका, सर. दुरुस्त करा. नुसती काढली तर ज्यांनी वाचलीय त्यांना तेच खरं वाटत राहील. सेवा चालू लिहा, आणि मागच्या वेळी का बंद पडली तेही लिहा.

व्यवस्थापक: काय लिहू?

मावशी: अँटेना चुकीचा लावला होता, असं लिहा. हवं तर माझं नाव घाला.

व्यवस्थापक: नाव नको, बाई. निवड तर माझीच होती. कार्यालयाकडून चूक झाली, असं लिहितो. सदर प्रेक्षकांची... नाही, सदर नको. प्रेक्षकांची क्षमा मागतो, असं.

टिटवी: ठळक अक्षरांत, सर.

मावशी: आता जा तू, बाई. मेकअप कर जा. एकोणतीस जणी तुझ्यामुळे अर्धवट तोंडाने बसल्यात. जाताना तेवढं आईला लवकर बोलावून घे.

टिटवी: केव्हाच मेसेज केलाय. निघालीय ती.

(अर्ध्या तासाने टिटवी आणि त्या एकोणतीस जणी मेकअप उरकून परतल्या, तेव्हा मावशी शिडीवरून उतरली होती.)

मावशी: कशी दिसतेयस! तोंड नको रंगवूस एवढं. बघ, बसले दोन्ही, खाली तोंड करून. ताई आली का?

टिटवी: ती काय, चार नंबरला. पर्स मांडीवर, फोन पर्सवर. मुलींनो, तुमचे व्हिडिओ चालूच ठेवा, एकीनेही बंद करायचा नाही. मावशी, तू स्टेजवर जाऊन माईकवर बोल. मी आईजवळ थांबते.

मावशी: मी काय बोलू?

टिटवी: काहीही. तुला जे बोलायचं असेल ते.

मावशी: हॅलो. एक, दोन, तीन.

टिटवी: आलं. आई हसतेय. तीन बोटं दाखवतेय.

मावशी: ताई, मागच्या प्रयोगाला तुला एक अक्षर दिसलं नाही. ते माझ्यामुळे. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.

टिटवी: वाचतेय ती. पुन्हा वाचतेय.

मावशी: काय म्हणतेय?

टिटवी: थांब, सांगतेय मला. म्हणते, आता दिसतंय ना, मग उतर खाली, पाय दुखतील. आणि म्हणते, आमच्या बाईसाहेबांना विचार, ती मुलगी शेवटी परत येते का. महिना झाला, सांगत नाही.

मावशी: मग सांग की आता.

टिटवी: माईक दे इकडे. आई, मी सांगणार नाही. सहा वाजता वाच.