बिबट्या मीच लिहिलाय!

दार लावा आधी! लावलं? कडी? हां... आता बसा, पन हसू नका राव! तुमच्या उसात पिंजरा लावलाय का? न्हाई ना? मंग तुमी हसायचंच न्हाई!

तुमाला सांगतो, श्रीगोंद्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून माझा दोन एकर ऊस... जो येतो त्यो कांडं मोडतो, जसा काय ह्यांच्या बापानं लावलाय! म्हटलं, थांबा लेकांनो, तुमाला भ्याच दावतो. मोबाईलवर त्ये एआय हाय ना, आपन लिहायचं, त्यानं चित्र काढायचं... लिहिलं, 'उसात बिबट्या'. आला की! पन कसा? मतं मागायला आल्यागत दात काढून हसतोय! आता हसू मी लिहिलंच नव्हतं!

मंग लिहिलं, 'रागावलेला बिबट्या'. रागावला, पन मागं बर्फाचे डोंगर! श्रीगोंद्यात बर्फ? मी लिहिलंच नव्हतं! तवा कळलं, ह्याला नव्या गड्यागत सगळं फोडून सांगावं लागतंय. लिहीत सुटलो... भरदुपार, तोडीला आलेला ऊस, बांधावरची बाभूळ, पान्याच्या मोटारीच्या स्टार्टरची गंजकी पेटी, फोटो हललेला, भ्यालेल्या मानसानं पळता पळता काढल्यागत... अन् आला! देवाशपथ, माझ्याच हातातनं मोबाईल पडला.

टाकला गावाच्या ग्रुपवर. ऊस मोडनारे बंद... अन् तोडनारे बी बंद! टोळीचा मुकादम म्हनतो, "रामहरीशेठ, आमाला बायकापोरं हायेत. तुमचा ऊस तुमीच तोडा." वाळाय लागला की हो ऊस उभ्या उभ्या! त्यात वनखात्याचे सायेब पिंजरा घिऊन दारात. पाय धरले, "सायेब, त्यो बिबट्या मी लिहिलाय!" सायेब म्हनतात, "भीतीनं होतं असं. पाणी प्या." अन् आमची जया, सख्खी बायको, सायबाम्होरं म्हनते, "कशाला खोटं बोलता? तुमाला दोन ओळींचा अर्ज तरी लिहिता येतो का?"

शेवटी काल मुकादमाला हाताला धरून उसात नेला. भरदुपारी! म्हटलं, बघ बाबा डोळ्यानं, काय बी न्हाई... स्टार्टरच्या पेटीपाशी आलो, तिथं पाइप गळतोय, चिखल झालाय... अन् मुकादम थांबला. नुसतं खाली बोट केलं.

पंजा! त्याच्या म्होरं दुसरा! ताजा... पानी भरत हुतं अजून त्यात!

तवापासनं मी हितं, कडी लावून. सकाळधरनं मोबाईलवर माझंच लिहिलेलं वाचतोय... बिबट्या हाय, बाभूळ हाय, पेटी हाय... जाऊ द्या, ऊस गेला चुलीत! पन तुमाला सांगतो, त्ये ठसे... ठसे मी लिहिलेच नव्हते!