सगळं हिरवं होतं हो!

…आणि वर ऑफिसात मलाच विचारतात, "पण तुला आवरायला सांगितलं कोणी होतं?" आता काय सांगू! कोणीच नव्हतं सांगितलं! तोच तर माझा रोग आहे. घरी बायको म्हणते, "तुम्ही स्वयंपाकघर आवरलंत ना, की मला दोन दिवस मीठ सापडत नाही." तिने मला हाकलून घर वाचवलं. ऑफिसला कोण वाचवणार?

तुम्हाला सांगतो, आमचं ऑफिस तिकिटांचं. बसचं, बोटीचं, कुठलंही तिकीट काढा, मागे आमचाच प्रोग्रॅम. हा एवढा अगडबंब! कोणी एक ओळ बदलली की कुठे काय बिघडेल, ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. म्हणून टेस्ट. टेस्ट म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम, मोठ्याला तपासणारे. कोणी काही बदललं की मशीन सगळ्या टेस्ट चालवतं. सगळ्या पास, तर पडद्यावर हिरवं. एक जरी नापास, तर लाल! पण त्या टेस्टच्या फाइली… अहो, उकिरडा! नावं ऐका. 'टेस्ट नवीन'. 'टेस्ट नवीन खरंच नवीन'. 'टेस्ट शेवटची'. 'टेस्ट शेवटची आता नक्की'. एकीचं नाव तर 'टेस्ट हात लावू नका'! कोणी लावलाच नाही, त्यामुळे आत काय आहे तेही कोणाला ठाऊक नाही.

मी लावला.

बाह्या सरसावल्या, तिकीट काढायच्या टेस्ट एका फोल्डरमध्ये, रद्द करायच्या दुसऱ्यात, नावं अशी चोख दिली की शेंबडं पोरही सांगेल आत काय आहे… आणि मग मला ते प्रत्येक नावाच्या सुरुवातीचं 'टेस्ट' खुपायला लागलं. म्हटलं, फोल्डरचंच नाव 'टेस्ट' आहे ना, मग आत प्रत्येकीने पुन्हा तेच कशाला लावायचं? घरात आपण एकमेकांना आडनावाने हाक मारतो का? काढून टाकलं सगळ्यांचं! मशीन चालवलं… आणि सगळं हिरवं होतं हो! शिवाय झटपट! आधी टेस्ट संपेपर्यंत चहा पिऊन यायचो, आता कप उचलेपर्यंत खेळ खलास. साहेब आले, पाठीवर थाप, "वा! शिस्तही आणलीस, वेगही आणलास!" मी आपला लाजतोय!

एकटी शंकाताई हसली नाही. ही आमची हाताने तपासणारी. प्रत्येक बटण स्वतः दाबून बघणार, मग पुन्हा दाबणार, म्हणून शंकाताई. ती चष्मा वर करून म्हणते, "इतकं हिरवं? मला नाही बाई पटत." मी म्हटलं, "ताई, तुम्हाला सुख टोचतं." असं म्हणालो मी! याच तोंडाने!

आणि साहेबांनी काय करावं? "टेस्ट रोज पास होतायत, मग यांची वर काय गरज?" म्हणून तिला पाठवलं तळमजल्यावर, गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला. बिनखिडकीची खोली, फोन आणि ती. जाताना स्वतःची खुर्ची माझ्याकडे ढकलली, पाठीला टेकण असलेली. "घे रे, तुझी पाठ दुखते ना."

त्याच खुर्चीत बसून मी एक नवीन टेस्ट लिहिली, तीही बिनआडनावाची. घाईत चुकीची लिहिली. लाल व्हायलाच हवी होती… हिरवं! मुद्दाम आणखी चुकवली. हिरवं! अहो, आमचं मशीन 'टेस्ट'ने सुरू होणाऱ्याच फाइली उचलतं! आडनावानेच हाक मारतं ते! म्हणजे एकही टेस्ट चालत नव्हती. वर्गात पोरंच नाहीत, तर नापास कोण होणार? निकाल शंभर टक्के!

धावत खाली गेलो, पाय धरायच्या तयारीने. ताई फोनवर. "हो दादा… परतीचं तिकीट आलं, जायचं आलंच नाही… हो, चूक आमचीच… शिव्या नका हो देऊ." चूक आमची? माझी होती! फोन ठेवून मला म्हणते, "बस ना. पाठ कशी आहे?" तुम्हीच सांगा, यानंतर कुणाची जीभ उचलेल?

माझी नाही उचलली. पळालो. साहेबांना म्हटलं, "मला एकट्याला झेपत नाही, ताईंना वर आणा." आणली! ती सकाळी वर आली आणि मी, भित्री भागूबाई, गुपचूप सगळ्या फाइलींना 'टेस्ट' परत लावलं. म्हटलं, ना बोभाटा, ना बोलाचाली.

मशीन चालवलं. लाल! वरपासून खालपर्यंत लालभडक! साहेब पडद्याकडे बघतायत, मग ताईकडे, आणि सगळ्यांसमोर म्हणतात, "इतके दिवस सगळं हिरवं होतं हो! या आल्या आणि लाल झालं. पायगुण म्हणायचा की काय!"

ताई चष्मा काढून पुसत बसली. तेवढं मात्र मला बघवलं नाही हो. ओरडलोच, "साहेब, मी! पायगुण नाही, हातगुण, माझा!" आणि भडाभडा सगळं सांगितलं.

मग काय व्हायचं ते झालं. ताई वर, मी तळमजल्यावर. दुसऱ्या दिवशी शिपाई ती खुर्ची घेऊन आला. "ताईंनी पाठवलीय. म्हणाल्या, त्याची पाठ दुखते." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं! आता बसतो त्याच खुर्चीत. मऊ आहे, पण टोचते. फोनवर एक दिवा आहे. कोणी शिव्या द्यायला फोन केला की तो लागतो. सकाळपासून विझलेला नाही.

कुठल्या रंगाचा, ते विचारू नका… सगळं हिरवं आहे हो!